रस्त्याची साय

आमच्या घरमालकांना शिवी एकच येत होती आणि ती त्यांनी भाजीसाठी राखून ठेवली होती. बाजारात पालकाची जुडी उचलायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा आणि जुडी ढिगावर परत टाकत म्हणायचं, "नाल्याची हाय." पुढे ही शिवी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली की न आवडणारं सगळंच नाल्याचं झालं. धाकट्या भावाचा जावई नाल्याचा, टीव्हीवरची बातमी नाल्याची, आमच्या वॉर्डाचा नगरसेवक तर विचारायलाच नको.

शहराच्या सांडपाण्यावर भाजी पिकते, हा काही त्यांनी लावलेला शोध नव्हे. नागपुरात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि मेथी निवडताना सगळे सोयीने विसरतात. काकाजींचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. त्यांच्या मते या शहरात स्वच्छ पालेभाजी एकाच ठिकाणी पिकत होती, ती त्यांच्या फाटकाबाहेर. आणि ती ओळखणारं नाकही एकच होतं.

काकाजी म्हणजे हेच घरमालक. सगळी कॉलनी त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. मी आणि माझा नवरा त्यांच्या वरच्या मजल्यावर काही वर्षं भाड्याने राहिलो. घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी नवऱ्याला पगार विचारला नाही की मला जात विचारली नाही. एवढ्यावर मी खूश झाले होते, तोच म्हणाले, "एक अट हाय. पालेभाजी बाहेरून आणाची नाही. मटण आणा, मच्छी आणा, मले काही नाही. पण ह्या फाटकातून नाल्याची मेथी आत नाही येणार."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पुढच्याच आठवड्यात त्यांनी फाटकाशी मला अडवलं, माझ्या थैलीत हात घालून मेथीची जुडी बाहेर काढली, तिचा वास घेतला आणि समोर उभ्या असलेल्या गाईला घातली. मग आपल्या वाफ्यातली तिच्या दुप्पट जुडी माझ्या थैलीत कोंबली. "थँक्यू म्हणाची गरज नाही," असंही वर म्हणाले. मी म्हणणारही नव्हते.

आता ही त्यांची शेती कुठे होती ते सांगते. घर रिंग रोडवर, सिग्नलला अगदी लागून. कुंपणाची भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये जी महापालिकेची पट्टी सुटलेली असते, ती काकाजींनी जुन्या पलंगांच्या लोखंडी चौकटी उभ्या करून आपली करून घेतली होती. तिथे पालक, मेथी, चवळाई, आंबाडी आणि सांबाराचे वाफे. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यामुंबईची माणसं आमच्याकडे येऊन सांबार मागतात आणि हातात जुडी पडली की चक्रावतात, म्हणून सांगून ठेवते. त्या वाफ्यांपासून हातभर अंतरावर दिवसभर ट्रकांची रांग लागायची. लाल दिवा लागला की सगळे किंचाळत ब्रेक दाबायचे, हिरवा लागला की सगळे एकदम काळा धूर सोडायचे. काकू काकाजींचं पांढरं बनियन दोरीवर घालायच्या आणि संध्याकाळी ते राखाडी होऊन परत यायचं. त्या बनियनवरून तरी माणसाला काही सुचावं. काकाजी राखाडी बनियनं आणायला लागले.

नोकरीत ते रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होते. रिंग रोडचा आमच्या घरासमोरचा तुकडा त्यांच्या देखरेखीखाली झालेला. खात्यातल्या बाकीच्या लोकांनी काय काय खाल्लं याच्या कथा ते रंगवून सांगत, आणि स्वतः एक गिट्टीही खाल्ली नाही हे त्याहून रंगवून सांगत. ते खरंही असावं. कारण बाकीच्यांचे बंगले सिव्हिल लाइन्सकडे झाले आणि हे आपल्या रस्त्याच्या काठावर येऊन बसले. पण प्रामाणिक माणसाला एक खोड लागते. आपण प्रामाणिक आहोत म्हणजे आपल्या हातून झालेलं सगळंच निर्मळ, असं त्याला वाटायला लागतं. "रस्ता माह्या हातचा हाय," ते म्हणत. "त्याच्यात खोट नाही. त्याच्या काठच्या मातीत कुठून येईन?"

आणि माती. त्या मातीचं कौतुक ऐकावं तर त्यांच्याच तोंडून. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला, जिथे पाणी साचून साचून आटलेलं असतं, तिथे एक काळा, मऊ थर राहतो. तुम्ही आम्ही त्याच्यावरून चप्पल सांभाळून जातो. काकाजी घमेलं आणि खुरपं घेऊन, रहदारीकडे पाठ करून, उकिडवे बसून तो थर अलगद खरवडून घ्यायचे. मग नोकरीतून आणलेल्या वाळूच्या चाळणीतून तो चाळायचे. चाळून खाली जे पडायचं ते रव्यापेक्षा बारीक, काळंभोर आणि किंचित चकाकणारं असायचं. ते चिमटीत धरून मला दाखवत म्हणायचे, "ह्याले म्हणतात रस्त्याची साय. लोकं शेणखत विकत घेतात. भैताड हायेत. सरकार दारासमोर आणून टाकून राहिलं, कोणाले दिसत नाही."

ती चकाकी कसली ते मला दिसत होतं. मी एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते. तेल, हळद, तिखट, पाणी असं काय काय तपासायला येतं आणि त्यात काय नसावं ते शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ब्रेक झिजतात, टायर झिजतात, रंग उडतो, बॅटऱ्या फुटतात, आणि पेट्रोलमधलं शिसं बंद होऊन वर्षं लोटली तरी जुनं शिसं रस्त्याकाठी तसंच पडून असतं. ते कुजत नाही, उडून जात नाही, मातीत बसून राहतं. पालक, चवळाई ही मंडळी ते मुळांनी उचलतात आणि पानांत साठवतात. हे सगळं मी काकाजींना पहिल्याच पावसाळ्यानंतर सांगितलं होतं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या हायात, म्हणून तुमाले भेव वाटते. आमी भाजी धुतो ना."

धुण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अंगणात पाण्याचे तीन टोप मांडलेले असत. एकात मीठ, एकात हळद, एकात तुरटी. प्रत्येक पान तिन्हींतून जायचं. एखाद्या पानावर मातीचा ठिपका राहिला तर काकूंना हाक पडायची, "काहून वं, हे काय खाऊ घालून राहिली?" इतकी धुतलेली भाजी मी आयुष्यात पाहिली नाही. विष पानाच्या आत आहे आणि हा माणूस बाहेरून हळदीचं पाणी शिंपडतोय. मी ती जुडी दर वेळी हसून घ्यायचे आणि ऑफिसला जाताना कचऱ्याच्या गाडीत टाकायचे. माझा नवरा मात्र हळहळायचा. "किती कोवळी असते," म्हणायचा. फुकट मिळालेली भाजी कोवळीच लागते.

कॉलनीही तशीच. सकाळी फिरायला निघालेले, पांढरे बूट घातलेले, साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर अखंड बोलणारे सगळे निवृत्त लोक काकाजींच्या फाटकाशी थांबायचे. ट्रकच्या धुरात खोकत खोकत म्हणायचे, "वा काकाजी, एकदम विषमुक्त." हा शब्द त्यांनी व्हॉट्सअपवरून उचललेला होता. मग प्रत्येक जण एकेक जुडी काखेत मारून घरी जायचा. यांतले दोघे-तिघे सायन्स कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले होते. त्यांनाही काही वाटलं नाही, किंवा वाटलं ते जुडीपुढे टिकलं नाही.

काकाजी स्वतः बाजारात जायचे ते फक्त अपमान करायला. एकदा मला महाल भागातून काही घ्यायचं होतं, तर माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. तिथल्या आठवडी बाजारात शिरले आणि एका टोकापासून सुरुवात केली. जुडी उचल, वास घे, "नाल्याची," पुढे चल. माल न घेता माणूस इतक्या आत्मविश्वासाने वावरू शकतो हे मी तिथेच पाहिलं. शेवटी एका भाजीवालीने त्यांच्या हातातून जुडी काढून घेतली.

"काकाजी, दर बाजारी येता, वास घेता अन् जाता," ती म्हणाली. "घरी भाकरीचाबी वासच घेता का?"

"तुही मेथी नाल्याची हाय बाई."

"उमरेड रोडच्या आमच्या वावरातली हाय. विहिरीचं पाणी हाय. येऊन पाहा."

"माह्यं नाक खोटं नाही बोलत," काकाजी म्हणाले आणि पुढे निघाले. मी मान खाली घालून मागे. परतताना स्कूटरवर मला म्हणाले, "पाहिलं? कशी चिडली. खरं बोललं का चिडतात लोकं."

हे सगळं गमतीत सोडून दिलं असतं. चार म्हाताऱ्यांनी काय खावं हा त्यांचा प्रश्न, असं म्हणून मी वर जाऊन माझी खिडकी लावून घेतली असती. पण चिऊ होती.

चिऊ ही काकाजींची नात. आम्ही राहायला गेलो त्यानंतर जन्मली, आमच्या जिन्यावर रांगायला शिकली. तिला दात आले आणि काकाजींनी तिची वाटी सुरू केली. रोज सकाळी आपल्या वाफ्यातला पालक स्वतः खुडायचा, स्वतः धुवायचा, उकडून, घोटून, वर तूप घालून तो चिऊला मांडीवर बसवून भरवायचा. "पोट्टी लोखंडाची झाली पाहिजे," म्हणायचे. मुलगा बुटीबोरीला कंपनीत, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, आणि वडिलांसमोर "हाव", म्हणजे हो, याखेरीज त्याला शब्द फुटायचा नाही. सून रश्मी भंडाऱ्याची, शिकलेली, पण सासऱ्यांपुढे तीही गप्प. मी तिला सांगितलं होतं की मोठ्या माणसाला जे पचून जातं ते एवढ्याशा पोरीला पचत नाही, शिसं वाढत्या मेंदूवर जातं.  ती म्हणाली, "ताई, मी बंद कर म्हणू कशी? ते तिच्यासाठी पहाटे उठतात."

त्या वाटीवरून मला जो राग यायचा तो मी आजही लपवणार नाही. माया करणाऱ्या माणसाला थांबवता येत नाही, हीच त्याची सगळ्यात वाईट गोष्ट असते. चिऊ बोलायला लागली तेव्हा तिचे पहिले चार-पाच शब्द होते त्यांत एक आजोबांचा होता. नको असलेलं काही पुढे आलं की ती चिमुकल्या बोटांनी नाक दाबायची आणि म्हणायची, "शी, नाल्याची." सगळे हसायचे. काकाजी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

मग ती सांबारवडीची सकाळ आली. थंडीत सांबार स्वस्त आणि भरपूर झाला की नागपुरात घरोघर सांबारवडी होते. सुकं खोबरं, खसखस, तीळ आणि ढीगभर सांबार यांचं सारण पातळ पारीत गुंडाळून तळायचं. काकाजींकडे हा सोहळाच असे. सगळ्या कॉलनीला आमंत्रण, अंगणात सतरंज्या, आणि काकाजी मध्ये उभे राहून एकेकाला विचारताहेत, "बाजारच्या सांबाराले हा वास येते का? सांगा." तोंडात वडी असलेला माणूस काय सांगणार.

मी वडी घेतली नाही हे त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या आमच्या लॅबवाल्या मॅडम. ह्याईले माह्या भाजीत शिसं दिसते." सगळे हसले. मग त्यांनी हात जोडले, अगदी सभेत जोडतात तसे. "मॅडम, तुमच्या मशीनीत घालून पाहाच. मी आपल्या हातानं भाजी तोडून, धुऊन देतो. शुद्ध हाय असं लिहून आणा. मी फ्रेम करून फाटकावर लावतो."

टाळ्या पडल्या. मी म्हटलं, "द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन टोपांतून काढलेला पालक, आणि तितक्याच कौतुकाने एका डबीत रस्त्याची साय, असं माझ्या हाती दिलं. मी पानं वाळवली, कुटली, आम्लात विरघळवली, मशीनला दिली. आकडे सांगत नाही, आकड्यांनी लोक जांभया देतात. शिसं मर्यादेच्या बरंच वर, कॅडमियमही वर, आणि त्या सायीबद्दल तर आमच्या लॅबमधल्या सहकाऱ्याने विचारलं की हे कुठल्या कारखान्याचं. मी म्हटलं, घरगुती आहे.

काकाजींनी निकाल ऐकून घेतला. मग त्यांनी विचारलं, "मशीन कोणाची हाय?"

"लॅबची."

"लॅब कोणाची?"

"मालकाची."

"मालक भाजी कुठून घेते?"

"बाजारातून घेत असतील."

"मंग," काकाजी म्हणाले. जणू खटला संपला.

मी म्हटलं, ठीक आहे, बाजारातली भाजीही तपासू. तुम्हीच निवडा, तुम्हाला सगळ्यात घाण वाटेल ती आणा. ही कल्पना त्यांना भलतीच आवडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बाजारात पालक विकत घेतला. कोणाकडून घेतला असेल? त्या उमरेड रोडवाल्या बाईकडूनच. जुडी दोन बोटांत, अंगापासून लांब धरून घरी आणली आणि माझ्या हाती देऊन लगेच साबणाने हात धुतले. "अस्सल नाल्याची हाय," म्हणाले. "आता पाहा मशीन काय म्हणते."

मशीन म्हणाली की या पालकात काहीही वावगं नाही. सगळं मर्यादेच्या आत. शेतातला, विहिरीच्या पाण्यावरचा, साधा पालक. बाजारातली प्रत्येक जुडी अशी निघेल असं मी म्हणत नाही. पण काकाजींच्या नाकाने सगळ्या बाजारातून निवडून आणलेली ही जुडी निर्दोष निघाली. ते नाक इतकी वर्षं फक्त नाकच होतं.

हे त्यांना सांगताना मला आनंद झाला नाही असं म्हणायचा सभ्यपणा माझ्यात नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. स्वतःचा पालक विषारी निघाला तेव्हा तो इतका उतरला नव्हता. बाजाराचा चांगला निघाला तेव्हा उतरला. ते आत गेले आणि दोन दिवस फाटकाशी दिसले नाहीत. सकाळी फिरणारे लोक रिकाम्या हाताने, अस्वस्थ होऊन पुढे जात होते.

तिसऱ्या दिवशी जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. काकाजी गच्चीवर पोतं चढवत होते. पोत्यात माती. जिनाभर काळी रांगोळी पडलेली. मला बघून थांबले, घाम पुसला. "तुमचं म्हणणं पटलं मॅडम," म्हणाले. "रस्त्याकाठी नाही पाहिजे. धूर येते. आता वर गच्चीवर करतो. आता कोणी काही म्हणाचं नाही."

"माती कुठली आहे ही?"

"माहीच. खालची. एवढ्या वर्षांची तयार माती फेकून देऊ का?"

मी पायरीवर बसले. या माणसाने रस्ता सोडला होता आणि रस्ता पोत्यात भरून डोक्यावर घेऊन चालला होता. कॉलनीने यावरही टाळ्या वाजवल्या. 'काकाजींची गच्चीवरची हरितक्रांती' असा फोटो व्हॉट्सअपवर फिरला, त्यात चिऊ एका कुंडीत हात घालून हसत होती.

त्या फोटोने मात्र रश्मीच्या आत काहीतरी तुटलं. मला तिने काही विचारलं नाही. चिऊला घेऊन ती डॉक्टरकडे गेली, माझ्याकडून कळलेलं सगळं तिने तिथे सांगितलं आणि पोरीचं रक्त तपासून घेतलं. रक्तात शिसं निघालं. फार नव्हे, डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, जिथून येतंय ते आजपासून बंद करा आणि पुन्हा तपासत राहा. ती घरी आली तेव्हा सकाळच्या वाटीची वेळ टळून गेली होती आणि काकाजी वाटी झाकून वाट बघत व्हरांड्यात बसले होते. मी जिन्यावर होते म्हणून मला दिसलं. रश्मीने चिऊला काकूंकडे दिलं, काकाजींच्या हातातली वाटी घेतली आणि त्यांच्यासमोर मोरीत उलटी केली. तुपाचा हिरवा ओघळ जाळीवरून खाली गेला.

"बाबा, पोट्टीच्या रक्तात आलं आहे," ती म्हणाली. एवढंच. आवाजही चढवला नाही.

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग मोरीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारतील की रक्ताची मशीन कोणाची. त्यांनी ती वाटी उचलली, नळाखाली धरली आणि धूत बसले. मीठ नाही, हळद नाही, नुसतं पाणी. ती केव्हाच स्वच्छ झाली होती, पण ते धूत राहिले.

गच्चीवरच्या कुंड्या त्यांनी दुसऱ्याच दिवशी उलट्या केल्या. खालचे वाफे पार उपटले. रस्त्याच्या कडेला, जिथून साय खरवडायचे तिथे जाऊन उभे राहिले आणि चाळणी भिंतीशी टेकवून ठेवली. चाळणीला कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. उपटलेल्या भाजीचा ढीग अंगणात पडला. मी म्हटलं, कचऱ्याच्या गाडीत द्या, मी आजवर तेच करत आले. हेही मी त्यांना तेव्हा सांगून टाकलं; माझ्याकडे आता सांभाळून बोलायचं काही उरलं नव्हतं.

"गाडीतल्या कचऱ्याचं खत होते," काकाजी म्हणाले. "मले माहीत हाय, मी सरकारी माणूस होतो. ते खत कोण्या बगीच्यात जाईन. गाईले घातली तं दुधात जाईन."

"मग काय करणार?"

"मी खातो."

मला वाटलं, मनस्तापाने बोलताहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्हरांड्यात ताट घेऊन बसले आणि ताटात पालकाची पातळ भाजी होती. तिसऱ्या दिवशी आंबाडी. काकू रडल्या, मुलगा पहिल्यांदा "हाव" सोडून दुसरं काही बोलला, रश्मीने हात जोडले. हा माणूस उपटलेला ढीग रोज थोडा थोडा शिजवून एकटाच खात होता, कॉलनीच्या डोळ्यांदेखत, रस्त्याकडे तोंड करून. सकाळी फिरणाऱ्यांनी आता रस्त्याच्या पलीकडून जायला सुरुवात केली होती. याला कोणी प्रायश्चित्त म्हणेल. मी तरी म्हणणार नाही. चूक करायची पद्धत ज्याची इतकी पक्की असते तो प्रायश्चित्तही चुकीचंच निवडतो, आणि वर ते इतक्या निष्ठेने पार पाडतो की बघणाऱ्याला वाटावं, यांचंच खरं. मी त्यांना तोंडावर मूर्ख म्हटलं. ते म्हणाले, "हाव."

एका सकाळी मी ऑफिसला निघाले होते. काकाजी नेहमीसारखे ताट घेऊन बसलेले. आतून चिऊ आली. वाटी बंद झाल्याला चार-पाच दिवस झाले होते आणि आजोबांच्या मांडीची तिची सवय काही गेली नव्हती. तिने ताटात बघितलं, पालक ओळखला आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "आबाजी, मले."

काकाजींनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि डोक्याच्या वर धरलं. इतकी वर्षं ज्यांनी आपली भाजी लोकांच्या थैल्यांत कोंबली, ते हात वर करून, मान मागे टाकून बसले होते आणि चिऊ त्यांच्या गुडघ्यावर चढून ताटाकडे झेपावत होती. पातळ भाजीचा थेंब त्यांच्या राखाडी बनियनवर पडला.

"नको बेटा," काकाजी म्हणाले. "नाल्याची हाय."

चिऊने लगेच नाक दाबलं. "शी," म्हणाली आणि खाली उतरून आत पळून गेली.

काकाजींनी ताट मांडीवर घेतलं. पुढचा घास नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला आणि खाल्ला.